मुकुटबनच्या बाईचं घड्याळ

बाबा, मी जपान पाहून आले. जायचं खरं तर तुम्हाला होतं. दुकानात एखादं जपानी घड्याळाचं मशीन उघडलं की डोळ्यावरचा भिंगाचा आयग्लास न काढता तुम्ही म्हणायचे, "पाह्य, आतून कसं झाडून-पुसून ठेवलं आहे. एक डाव त्या लोकायचा देश पाहून यायचा आपल्याले." आई डबा घेऊन आलेली असली तर लगेच म्हणायची, "आधी वर्ध्याले तर जाऊन दाखवा." तुम्हाला जाऊन आता बारा वर्षं झाली. बसस्टँडसमोरच्या आपल्या दुकानात मोबाइलची कव्हरं विकतात. आणि मी, जिला तुम्ही एका दुपारी काउंटरवरून कायमचं उठवलं, ती जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना मोठा काटा कोणता आणि लहान काटा कोणता ते शिकवते. हसू नका. हसायचं पत्र नाही हे. पत्र तरी कसलं म्हणा, टाकणार कुठे आहे मी.

आमच्या विहारातल्या बायकांची सहल होती. पंधरा जणी, आणि पंधरा बॅगांमध्ये मिळून मणभर चिवडा. आधी बुद्धाची मंदिरं झाली, मग गाइडनं आम्हाला हिरोशिमाला नेलं. तो मुलगा पुण्याचा होता, तिथेच शिकायला राहिलेला. हिरोशिमा म्हटल्यावर आमच्या डोक्यात काय होतं, तर जळकं, पडकं, काळं काहीतरी. आणि उतरलो तर बाई गं, ट्राम चालल्यात, गावातून नद्याच नद्या वाहतात, म्हाताऱ्या बाया सायकलच्या टोपलीत भाजी ठेवून चालल्यात. आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या बाईंनी गाइडला विचारलं, "अवो, ते बॉम्ब पडलेलं गाव हेच काय? का तुम्ही आमाले दुसरीकडेच आणलं?" त्यावर दुसरी म्हणाली, "आपल्या यवतमाळवर तर काही पडलं नाही, मंग आपले रस्ते असे काहून?" सगळ्या खो-खो हसल्या. मीही हसले. नदीच्या पलीकडे ती घुमटाची मोडकी इमारत दिसेपर्यंत आम्ही हसतच होतो.

तिथल्या बागेत कण्हेर फुलली होती. गाइड म्हणाला, बॉम्बनंतर लोक बोलायचे की या मातीत आता कितीतरी वर्षं काही उगवणार नाही, आणि त्याच मातीत ही फुलली, म्हणून गावानं हिला आपलं फूल मानलं. बायका म्हणाल्या, इश्श, ही तर आपल्या शेताच्या धुऱ्यावर असते, हिला ढोरंसुद्धा तोंड लावत नाहीत. फोटो काढायला सगळ्या उभ्या राहिल्या. मी फोटोत आहे बाबा, पण माझं तोंड पाहाल तर तुम्हीच विचाराल, काय झालं पोरी. मला आपल्याकडची ती वर्षं आठवली. आपल्याकडे उलटं झालं होतं. माती चांगली होती, कपाशीची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, आणि पाठीवर पंप घेऊन तिच्यात विषारी औषध फवारायला शिरलेली माणसं आतल्या आत पडत होती. रोज पेपरात एखादं गाव असायचं. तुम्ही पेपर घडी करून काउंटरखाली टाकायचे, म्हणजे माझ्या नजरेस पडू नये. पण दुकान बसस्टँडसमोर. सरकारी दवाखान्यात जाणारे आणि तिथून रिकाम्या हातानं परतणारे आपल्याच दारावरून जायचे.

म्युझियममध्ये आत अंधार ठेवलेला आहे. लोक इतके, पण पायांचासुद्धा आवाज नाही. शाळेतल्या मुलांचे जळके कपडे, त्यावर आईनं शिवलेली नावाची पट्टी. डबा, आतला भात कोळसा झालेला. आमच्या थोरल्या बाई चपला काढायला लागल्या तेव्हा गाइडनं थांबवलं. त्या म्हणाल्या, "असू दे बेटा, इथं चपला घालून चालवत नाही माह्याच्यानं." आणि मग एका काचेत ते घड्याळ आलं. मनगटावरचं, काच गेलेली, तबकडी भाजलेली, काटे सव्वाआठवर. सगळ्या पुढे गेल्या. मी पर्समधून आयग्लास काढला. तोच, बारावी झाले तेव्हा तुम्ही मला दिलेला. "आता तू कारागीर," म्हणून सगळ्यांसमोर माझ्या डोळ्याला लावून पाहिलेला. काचेला नाक टेकवून मी पाहू लागले, तर मागून आवाज आला, "अवो मॅडम, हे काय करून राह्यल्या? लोक पाहून राह्यले ना!" मी कुणाचं ऐकणार. बाजूला निळा कोट घातलेला एक म्हातारा उभा होता, तिथली माहिती सांगणारा. मी गाइडला म्हटलं, यांना विचार, हे कुणी दुरुस्त केलं नाही का?

गाइड माझ्याकडे पाहतच राहिला. म्हणाला, "काकू, असं कसं विचारू?" मी म्हटलं, विचार. घड्याळवाल्याची पोरगी आहे म्हणून सांग. त्यानं विचारलं. म्हातारा रागावला नाही. काचेकडे बोट करून काहीतरी बोलला. गाइडनं सांगितलं, ते म्हणतात, घरच्यांनी आणून दिलं तसंच ठेवलंय. आम्ही फक्त धूळ पुसतो.

बाबा, मी तिथेच खाली बसले. बायकांना वाटलं, चक्कर आली. कुणी पाणी पाजलं, कुणी माझ्या तोंडात गोळी कोंबली. मला चक्कर वगैरे काही आली नव्हती. त्या अख्ख्या गावाचं ते मिनिट लोकांनी काचेत जपून ठेवलं होतं, आणि एका बाईचं तेवढं एकच मिनिट मी चिमट्यानं पुसून टाकलं होतं. तुम्हाला आठवतोच तो दिवस. पण तुम्हाला तो अर्धाच माहीत आहे. उरलेला अर्धा मी तुम्हाला तुम्ही असेपर्यंत सांगितला नाही.

मी वीस वर्षांची होते. तुम्ही जेवायला घरी गेलेले. एक बाई आली, कपाळ पांढरं, हातात दवाखान्याच्या कागदांची पिशवी. तिनं पदराची गाठ सोडून चावीचं एक जुनं घड्याळ काउंटरवर ठेवलं. काच तडकलेली, बंद पडलेलं. म्हणाली, "हे पाहून ठेव माय, मी कागदावर सही घेऊन येतो." आणि गेली. तुमचा नियम काय होता? घड्याळ हातात आलं की आधी चिठ्ठी. नाव, गाव, तक्रार, आणि काटे कुठे थांबलेत ती वेळ. चिठ्ठी दोऱ्यानं बांधायची, मगच मागचं झाकण उघडायचं. "थांबलेल्या वेळेवरून कळते कुठं अडकलं ते," असं तुम्ही म्हणायचे. हजारदा सांगितलं असेल. पण मी नवी नवी कारागीर, आणि तुम्ही यायच्या आत एक घड्याळ एकटीनं चालू करून दाखवायची मला घाई. झाकण उघडलं. बॅलन्सची स्प्रिंग धक्क्यानं अडकली होती, बस, इतकंच. चिमट्यानं सोडवली, तेलाचा थेंब दिला, दुसरी काच बसवली, भिंतीवरच्या घड्याळावरून वेळ लावली. घड्याळाच्या दुकानात बंद घड्याळ आलं तर आणखी काय करायचं असतं? कानाला लावलं. टिकटिक. मला किती आनंद झाला म्हणून सांगू.

तुम्ही आणि ती एकदमच आलात. मी म्हटलं, "घ्या मावशी, चालू झालं!" तिनं घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चालू कायले केलं? मी चालू कर म्हटलं होतं का तुले?" तिचा आवाज मोठा नव्हता. मग तिनं तुम्हाला सांगितलं, मुकुटबनची होती ती. तिचा नवरा दुसऱ्याच्या वावरात रोजीनं फवारायला जायचा, तिथे पडला. पडताना हात धोंड्यावर आपटला आणि घड्याळ तिथेच बंद पडलं. तिला घड्याळ समजत नव्हतं. ती वेळ ओळखायची गाड्यांवरून. रोज बाराच्या यष्टीला ती भाकरी घेऊन वावरात पोचायची आणि तो पंप उतरवून निंबाखाली जेवायला बसायचा. त्या दिवशी सकाळी भांडण झालं. "मनात म्हटलं, राहू दे उपाशी. दोनच्या गाडीले गेली मी." ती बोलत होती आणि बोटानं काउंटरची काच घासत होती. "बाराच्या आत पडला असन तं माहा काही दोष नाही. बाराच्या मागून पडला असन तं भाऊ, मीच मारलं त्याले. मी टायमावर गेली असती तं तो जेवत बसला असता. गावात कोनाले इचारावं, तेवढंच पाहून सांगा म्हणून आणलं होतं, किती वाजता बंद पडलं."

तुम्ही माझ्याकडे वळलात. "चिठ्ठी?" नाही. "वेळ पाह्यली होती?"

पाहिली होती, बाबा. तुमचीच पोरगी मी, घड्याळ हातात आल्यावर पाहणार नाही का. चिठ्ठी लिहिली नाही, पण डोळ्यांनी काटे पाहिले होते. सव्वा वाजला होता. एक वाजून पंधरा मिनिटं. तासाचा काटा एकच्या जरा पुढे, मिनिटाचा तीनवर. आजही डोळे मिटले की दिसतो. तिनं बारा म्हटलं, दोन म्हटलं आणि माझा सव्वा बरोबर त्यांच्या मध्ये. मी म्हटलं, "नाही बाबा. नाही पाह्यली."

तुम्ही तिच्यासमोर मला काय बोललात ते मी विसरले नाही. "घड्याळ हाती घेतलं अन् वेळ नाही पाह्यली? मंग काय पाहत होती? उद्यापासून या काउंटरवर बसू नको तू." त्याआधी तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता. ती बाई घड्याळ तिथेच टाकून निघून गेली. तुम्ही रस्त्यापर्यंत मागे धावलात, चप्पल नव्हती पायात. मला वाटलं, आज राग आहे, उद्या सांगू. उद्या वाटलं, सांगितलं तर बाबा लगेच मुकुटबनला जाऊन तिला खरं ते सांगून येतील, यांना खोटं काही पचत नाही. मग मलाही राग आला. एका चुकीसाठी इतकं? बसते घरी. आणि बसले. तुम्ही पेन्टरला पाटीवर "आणि कन्या" लिहायला सांगून ठेवलं होतं, ते पेन्टरकडूनच मला कळलं, तेही नंतर. शेवटी दवाखान्यात, नळ्या लावलेल्या असताना, तुम्ही पुन्हा विचारलंत, "पोरी, खरंच नोती पाह्यली?" तेव्हा तरी सांगायचं होतं ना मला! मी म्हटलं, "नाही बाबा." तुम्ही तोंड भिंतीकडे केलंत. मला तिथेच थोबाडीत मारायला हवी होती कुणीतरी.

तुमच्यामागे तुमचा दुकानातला बिस्किटाचा डबा माझ्याकडे आला. त्यात ते घड्याळ होतं, चावी संपून कधीचं थांबलेलं, आणि त्याला दोऱ्यानं बांधलेली तुमची चिठ्ठी. पेन्सिलीनं लिहिलेलं, "मुकुटबन. बाई. काच." आणि खाली, "वेळ," आणि पुढे कोरी जागा. ती जागा कुणासाठी सोडली होती बाबा? माझ्यासाठीच ना?

हिरोशिमाहून आले आणि दुसऱ्याच आठवड्यात मी ते घड्याळ घेऊन निघाले. त्या काचेपुढे ठरवूनच उठले होते, जाऊन सव्वा सांगायचं. जे होतं ते तिचं आहे, ते दाबून ठेवणारी मी कोण. पांढरकवड्यापर्यंत मन घट्ट होतं. तिथे गाडी बदलायला तासभर बसावं लागलं, बाकावर, आणि त्या तासाभरात माझं पाणी पाणी झालं. इतक्या वर्षांनी एका म्हातारीच्या दारात जायचं आणि सांगायचं, हो बाई, तूच मारलंस त्याला? माझ्यानं होणार नव्हतं. मी डबा उघडला. तुमची पेन्सिल त्यातच होती. चिठ्ठी मांडीवर ठेवली आणि कोऱ्या जागेत लिहिलं, पावणेअकरा. तुमच्या अक्षरात लिहिलं. तुमचा तो शेपटीवाला र, तो मला लहानपणापासून येतो. मांडीवरचं म्हणून अक्षर हललं आणि आणखीच तुमचं दिसलं, आजारपणातलं. वाटलं, बारा वाजायच्या आतलं आहे. सुटेल बिचारी. आणि तिला उत्तर द्यायचं राहिलं होतं, त्यातून तुमचीही सुटका होईल.

मुकुटबनला उतरून पानठेल्यावर विचारलं, फवारताना एक माणूस गेला होता ना तुमच्याकडे, त्याची बाई कुठे राहते? ठेल्यावरचा म्हणाला, "कोनता म्हणता मॅडम?" मी सांगितलं, खूप जुनी गोष्ट आहे, घड्याळ होतं हातात. दोघा-तिघांनी आपसात विचार केला, एकदा चुकीच्या घरी नेलं, तिथेही तसाच फवारताना गेलेल्या एकाचा फोटो होता. मग तिचं घर सापडलं. ओसरीत बसून तुरी निवडत होती, लेकीकडे राहते. मला ओळखलं नाही. तुमचं नाव निघाल्यावर चेहरा बदलला. "तुहे बाबा आलते इथं. दोन डाव. माही माफी मांगाले. मी म्हटलं, जाऊ द्या भाऊ, लेकरू आहे. मोठा सरळ मानूस." बाबा, तुम्ही तिथे गेला होता हे मला कुठे माहीत होतं!

मी म्हटलं, बाबांनी त्या दिवशी वेळ पाहून ठेवली होती, चिठ्ठी आत्ता सापडली. आता पाहा, यात एक तरी शब्द खरा आहे का. तुम्ही तर तेव्हा जेवायला गेलेले. तिनं आत लेकीला हाक मारली. तिच्या लेकीनं चिठ्ठी घेतली, उजेडात धरली आणि वाचली. "पावणेअकरा, माय."

मी वाट पाहत होते तिच्या चेहऱ्यावर ते सुटल्याचं दिसायची. तिनं हातातल्या तुरी सुपात टाकल्या आणि बोटं मोजू लागली. अकरा, बारा, एक, दोन. पुन्हा मोजली. "म्हंजे तीन घंटे पडून होता तो," ती म्हणाली. "मी गेली तवा डोये उघडे होते ना त्याचे. माह्या हातचं दोन घोट पानी पेला. गाडीत नेता नेता गेला. मले वाटे, आत्ताच पडला असन. इतके सालं मी म्हनत होती, आत्ताच पडला असन." लेक म्हणाली, माय, जाऊ दे. ती म्हणाली, "उनात एकटा होता वो तो. तीन घंटे."

हे तिनं दुकानात सांगितलंच नव्हतं. ती पोचली तेव्हा तो जिवंत होता, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, बाबा! सव्वा म्हटलं असतं तर तो पाऊण तास पडलेला निघाला असता. मी त्याला तीन तास पाडून ठेवलं. जिभेवर आलं होतं, मावशी, खोटं आहे ते, सव्वा वाजला होता. पण सव्वा म्हटलं की तिचं ते जुनं भांडण परत तिच्या गळ्यात. आणि चिठ्ठी तुमच्या अक्षरात, मोठ्या सरळ माणसाच्या. तुम्हाला खोटं पाडू की तिला मारू? मी पर्स उचलली. निघताना मी घड्याळ तिच्या पुढ्यात ठेवलं. तिनं ते माझ्याकडे सरकवलं. "हे राहू दे तुह्यापाशी. मले चिठ्ठी दे." चिठ्ठी तिनं पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली. त्याच पदराच्या गाठीतून तिनं पहिल्यांदा घड्याळ काढलं होतं.

मी पुन्हा जाऊ का, सांगा ना. जाऊन काय सांगू? रोज शाळेत पोरं मला पुठ्ठ्याच्या घड्याळावर सव्वा लावून दाखवतात आणि मी शाब्बास म्हणते. घड्याळ डब्यात ठेवलंय. हे कागदही त्याच डब्यात जातील. त्या जपानी म्हाताऱ्यासारखी मी फक्त धूळ पुसली असती तर बरं झालं असतं, पण ते आता होणे नाही.

एक राहिलं. ती म्हातारी ओसरीत बोटं मोजत होती ना, दुसऱ्यांदा, तेव्हा मी तिच्याकडे पाहत नव्हते. माझ्या मनगटाकडे पाहत होते. चारला दहा कमी होते, बाबा, आणि माझी गाडी चारची होती.